पळायला घोडा, राबायला बैल

माझ्या लग्नाच्या कोटावर पाठीमागे, बरोबर दोन खांद्यांच्या मधोमध, निळ्या खडूची एक फुली आहे. चार धोब्यांनी हात टेकले, फुली गेली नाही. लग्नाच्या फोटोत ती दिसत नाही, कारण फोटोत मी समोर तोंड करून उभा आहे. पण बोहल्यावर मी अंतरपाटाकडे तोंड करून उभा होतो आणि मागे बसलेल्या तीनशे वऱ्हाड्यांनी मंगलाष्टकं संपेपर्यंत ती फुली डोळे भरून पाहिली. सासरे आजही विचारतात, "जावईबापू, नक्की काय खोट निघाली होती?"

खोट कोटात होती. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन सूत वर शिवला होता. ते शिंप्याला कळलं नाही, मला कळलं नाही, ज्यात कोट घालून बघितला त्या आरशाला कळलं नाही. कळलं ते नाना बांदेकरांना. आणि नानांना खोट कळली, पण त्यांनी तिच्यावर फुली मारली नाही, असं लालबागच्या इतिहासात घडलेलं नाही.

नाना लालबागला आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे. विणून आलेलं थान टेबलावरून सरकत जायचं. नाना एक डोळा बारीक करून त्याच्याकडे बघत बसायचे. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण दिसली की खडूची फुली. आता या कामातली एक गंमत नीट ऐकून ठेवा, कारण पुढची सगळी गाडी तिच्यावरच अडणार आहे. ज्या थानावर दोन-चार फुल्या असत ते सुखाने पुढे जाई. चांगल्या मालात जावो की सेकंडमध्ये, म्हणजे खोटीच्या स्वस्त मालात, जावो, जाई. पण ज्या थानावर एकही फुली नसे ते वरचा साहेब परत धाडी. "बांदेकर, झोप लागली होती काय?" त्यामुळे नानांना फाटक्या कापडाची भीती नव्हती, त्यांना धास्ती होती ती निर्दोष कापडाची. ते म्हणायचे, "थानात खोट सापडली नाही, तर ती आपल्या डोळ्यात आहे असं समजावं."

गिरणीचा भोंगा वाजला की बाकीचे कामगार सुटत. नाना सुटत नसत. खडू खिशातच असे. दूधवाल्याच्या किटलीवर फुली, जिन्याच्या चौथ्या पायरीवर फुली, एकदा भाडेवाढीची नोटीस घेऊन आलेल्या चाळमालकाच्या छत्रीवर फुली. तो बिचारा ती छत्री उघडून भर उन्हातून भायखळ्यापर्यंत गेला, आणि रस्त्यातले सगळे गिरणी कामगार त्याला "सेकंड! सेकंड!" म्हणून ओरडत होते.

अशा माणसाने स्पोर्ट्स गाडी घ्यायची ठरवली.

त्याची सुरुवात एका कुत्र्यापासून झाली. गोऱ्यांच्या राज्यात नानांच्या गिरणीचा विणकाम खात्याचा साहेब दोन माणसांच्या उघड्या गाडीतून यायचा. एका जागेवर साहेब, दुसऱ्या जागेवर कुत्रा. गाडी फाटकातून अशी सुसाट आत शिरायची की पहारेकऱ्याची मिशी दिवसभर एका बाजूला राहायची. एकदा नाना डबा विसरले म्हणून त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तो घेऊन भर दुपारी फाटकाशी आल्या. वहिनी देवगडकडच्या. मुंबईत येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची भाषा समुद्र सोडून आत सरकली नव्हती. त्या उन्हात उभ्या, पाय पोळतायत, आणि समोरून ती गाडी गेली. कुत्र्याचे कान वाऱ्यावर मागे उडत होते, डोळे मिटलेले, तोंडावर ब्रह्मानंद. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बघा, त्या कुत्र्याक कसो वारो लागता!"

हे वाक्य नानांना लागलं. फाटकातच त्यांनी डबा हातात धरून शपथ घेतली, "स्वराज्य येऊ दे. तुला अशाच गाडीतून चौपाटीवर नेतो."

स्वराज्य आलं. साहेब गेला, कुत्रा गेला. देवगडच्या भावाने वडिलार्जित आमराई विकून नानांचा वाटा पाठवून दिला. म्हणजे ऐपत आली. राहता राहिली निवड. आणि निवडीला दहा वर्षं लागली.

"अहो, साधी चार दारांची घ्या," मी म्हणायचो.

"चार दारांची शेटजींनी घ्यावी. आपल्याला पळणारी पाहिजे. पण बाबू, शोभेची नको. रोजच्या वापराची पाहिजे. पळायला घोडा, राबायला बैल."

हे त्यांचं सूत्र. आता घोडा कुठे मिळतो हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे, बैलही मिळतो. पण एकाच जनावरात दोन्ही पाहिजे म्हटल्यावर दलाल हात जोडतात. नाना हात जोडणाऱ्यांतले नव्हते. चौपाटीच्या बाजूला विलायती गाड्यांचं एक मोठं दुकान होतं. तिथे आम्ही एका शनिवारी गेलो. आम्ही म्हणजे नाना, मी, नानांच्या सासूबाई, अर्धी गोणी तांदूळ आणि रॉकेलचा डबा.

दुकानातला पारशी विक्रेता हसतमुख. नानांना गाडीभोवती फिरवत म्हणाला, "साठ मैल पळते, सायबजी! आंख झाकून उघडली तर लोनावला!"

"पळू दे. तांदूळ कुठे ठेवायचे?"

"तांदूल?" त्याने गोणीकडे पाहिलं. "तांदूल लोनावल्याला कशाला नेते?"

"लोणावळ्याला कोण नेतंय? भायखळ्याच्या बाजारातून घरी न्यायचे."

"अरे बाबा, ही स्पोर्टची गाडी हाय, गोडाऊन नाय!"

नानांनी ऐकलं नाही. गोणी मागे कोंबली, डबा पायाशी ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "बसा." सासूबाई ऐंशीच्या. आयुष्यात पाटाखेरीज कशावर बसलेल्या नव्हत्या. ती गाडी पाटाइतकीच खाली होती, त्यामुळे त्या खाली बसल्या, बसल्या, आणखी बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. उठायची वेळ आली तेव्हा उठता येईना. तीन विक्रेते, एक हिशेबनीस आणि गाडी घ्यायला आलेले एक नबाब अशा पाच जणांनी ओढलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "माका हंयच ऱ्हवांदे! बरा वाटता!"

नानांनी खिशात हात घातला. पारशी ओरडला, "अरे, काय करते? पालिश हाय!" तोपर्यंत आरशासारख्या चमकणाऱ्या बॉनेटवर निळी फुली पडली होती. "म्हातारं माणूस आत जातं," नाना शांतपणे म्हणाले, "बाहेर येत नाही. रोजच्या वापराला निरुपयोगी."

त्या दुकानाच्या दारावर नंतर म्हणे पाटी लागली होती: 'खडू बाहेर ठेवावा.' मी पाहिली नाही, पण माझा विश्वास आहे.

एका गाडीचं टप बंद केलं की नानांची टोपी चेपायची. फुली. एकीच्या दारात नऊवारीचा काष्टा अडकायचा. फुली. एक गाडी सगळ्या परीक्षांत उतरली, पण चाळीच्या अंगणात नळ आणि तुळशीवृंदावन यांच्यामधून तिला वळता येईना. नाना म्हणाले, "तुळस हलवता येईल, पण नळाला पाणी येतं ते तिथेच येतं." फुली.

आणि हे फक्त आमच्या चाळीतच चाललं होतं असं समजू नका. तेव्हा दिल्लीत आमच्या मुंबईचीही अशीच तपासणी चालू होती. एक कमिशन यायचं, नकाशावर फुल्या मारून जायचं. मग दुसरं पहिल्याच्या फुल्या तपासायचं. ज्यांना मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे होता ते रस्त्यावर उन्हात उभे, आणि तपासणारे पंख्याखाली. मला तर दिल्लीतल्या त्या सगळ्यांच्या खिशांत नानांचाच खडू दिसायचा. त्या दिवसांत माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्यावर मी विनोद करणार नाही. पण खडूवाल्यांवर करीन.

चाळीलाही नानांच्या गाडीत रस होता. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सभाच भरली. कॉम्रेड गावडे म्हणाले, "दोन सीटची गाडी हे भांडवलशाहीचं लक्षण आहे. कष्टकऱ्यांची गाडी म्हणजे ट्रक." देसाईमास्तर म्हणाले, "दोन सीट म्हणजे द्विभाषिक राज्य! आम्ही इकडे त्याच्याविरुद्ध मोर्चे काढतोय आणि नाना ते अंगणात आणून उभं करणार?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, बॉनेटवर पापड वाळतील का? नानांनी सगळे मुद्दे लिहून घेतले. खरंच लिहून घेतले! पापडांचा मुद्दा त्यांना विशेष पटला.

वहिनी मात्र खांबाला टेकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. दहा वर्षांत त्यांचे गुडघे धरायला लागले होते. जिना उतरताना चौथ्या पायरीशी, तिथल्या फुलीशी, त्या थांबायच्या आणि दम घ्यायच्या. अलीकडे त्या गाडीबद्दल विचारायच्याही बंद झाल्या होत्या.

मग खोताच्या वाडीतली गाडी निघाली.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्याच्या एका घरात पास्कल अंकल राहायचे. जन्म गोदीत गेला. त्यांचा गोरा साहेब मायदेशी जाताना आपली गाडी त्यांना देऊन गेला होता. लाल, उघडी, दोन माणसांची. अंकलचा पाय संधिवाताने सुजला, तेव्हा त्यांनी ती विकायची ठरवली. नाना सलग सहा रविवार तिथे गेले. अंकलचा भाचा गाडी चालवायचा, नाना शेजारी बसून तपासायचे. तांदळाची गोणी मागे बसली. सासूबाई बसल्या आणि, अहो आश्चर्यम्, उठल्याही. गणपतीचा पाट मावला. वरून उघडी असल्यामुळे मूर्तीला मान वाकवायला नको. वाडीतल्या बोळात, जिथे दोन मांजरं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं, तिथे ती गाडी लीलया वळली. पापडसुद्धा वाळवून पाहिले.

सातव्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "मी येतंय." चौपाटीवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. लालबागपासून गिरगावापर्यंत वहिनी गुडघे धरत चालत आल्या. नाना, मी आणि वहिनी वाडीत पोहोचलो तेव्हा अंकल ओट्यावर स्टुलावर पाय ठेवून बसले होते.

"आज शेवटचा संडे, मिस्टर," अंकल म्हणाले. "उद्या सिनेमाचा मानूस येनार. तो लगेच घेनार. तू बोल, हो का ना?"

नाना टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. अर्धा तास नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक.

"बाबू, घात झाला."

"काय झालं?"

"खोट नाही."

"मग घ्या की!"

"अरे, वेड लागलंय का तुला? सात रविवार बघतोय. एक फुली नाही. काहीतरी असणार! माझ्या नजरेतून सुटतंय." खडू हातात होता आणि टेकवायला जागा सापडत नव्हती. "मला आणखी एक रविवार पाहिजे."

"संडे संपले, मिस्टर," अंकल म्हणाले.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज झाला. वहिनींनी गाडीचं डावं दार उघडलं, काष्टा सावरला आणि गिरणीच्या साहेबाचा कुत्रा बसायचा तसल्याच जागेवर नीट ताठ बसल्या.

"अगो, काय करतेस? तपासणी चाललीय!"

"चलांदे. मी उतरूचंय नाय."

"तुझ्या आईसारखं करू नकोस."

"दहा वर्सां तुमी गाडये बघलात, नि मी तुमका बघलंय. आता माका चौपाटीर न्हेवा. न्हेवन परत हाडा, मगे काय त्यो फुल्ये मारा."

अंकलना हे एकदम पटलं. "बाई बरोबर बोलते! जा मिस्टर, एक चक्कर मारून ये. चावी आतच हाय."

नाना जागचे हलले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आतून तपासली, परत घातली.

"भाचा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तो गेला मोर्च्याला. तू चालव ना."

"मी?"

"नाय तर कोन? मी? ह्या पायाने?"

कुठल्या तरी घरात मासळी तळत होती, तिचा चर्र आवाज तेवढा येत होता. नाना खालच्या आवाजात म्हणाले, "मला कुठे चालवता येते?"

मी नानांकडे बघतच राहिलो. दहा वर्षं! सतरा दुकानं! मैलाला पेट्रोल किती, ब्रेक किती हातांवर लागतो, सगळं तोंडपाठ. "नाना, तुम्हाला गाडी चालवता येत नाही?"

"अरे, आमचं खातं तपासणीचं," नाना चिडून म्हणाले. "विणणारा वेगळा, धुणारा वेगळा, तपासणारा वेगळा. मी जन्मात कधी माग चालवला नाही, म्हणून कापड कळत नाही का मला? चालवायचं खातं नंतरचं. ते डोक्यातच आलं नाही."

गाडीतून वहिनी म्हणाल्या, "माका खोट कधीच गावली हुती. मी बोललंय नाय, इतक्याच."

आणि काय सांगू! नानांच्या चेहऱ्यावर एकदम पहाट झाली. वरच्या साहेबाने परत धाडलेल्या निष्कलंक थानात अचानक तुटका धागा सापडावा तशी. "सापडली!" ते ओरडले. "बाबू, खोट सापडली! चालवणारा!" त्यांनी खडू उचलला आणि स्वतःच्याच सदऱ्यावर, छातीच्या खिशाच्या बरोबर वर, एक ठसठशीत फुली मारली. "आता हरकत नाही. खोट ठाऊक असलेला माल घेता येतो. पास्कल अंकल, गाडी घेतली!"

गाडी घेतली, पण नेणार कोण? बाई आत बसलेल्या, नाना चाकामागे जाऊन बसले, आणि दोघं तशीच. तोच गिरगाव रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. चौपाटीकडे निघालेला मोर्चा वाडीच्या तोंडाशी आला. पुढच्या चार जणांनी आत पाहिलं: लाल गाडी, त्यात ताठ बसलेली नऊवारीतली बाई, शेजारी छातीवर फुली मारलेला काळ्या टोपीचा गृहस्थ. "काय हो, बंद पडली का?"

"चालूच झाली नाही," मी म्हणालो.

गिरगावकराला चाकावरची कुठलीही वस्तू अडलेली दिसली की तो विचारत बसत नाही. दर वर्षी गणपतीच्या गाडीला हात लावून लावून ते हात तयार झालेले असतात. तीस-चाळीस माणसं आत घुसली. "धर रे! लाव हात! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." "झालाच पाहिजे!" आणि 'झालाच'च्या ठेक्यावर गाडी जी निघाली! ओट्यावरून अंकल ओरडतायत, "मिस्टर, मधला दाब! थांबायला मधला!" नाना दोन्ही हातांनी चाक धरून, डोळे बारीक करून, जणू रस्ताच तपासतायत. ऑपेरा हाऊसच्या वळणावर कुणीतरी वहिनींच्या गळ्यात हार घातला. कोपऱ्यावरच्या पोलिसाने सलाम ठोकला. वहिनींनी तो परत केला. मागून येणाऱ्यांना वाटलं, बाई कुणी मोठ्या पुढारी आहेत. मग ढकलणारे तिसाचे तीनशे झाले. तीन हजार म्हटलं तरी चालेल; मी मोजले नव्हते.

चौपाटीच्या वाळूत पुढची चाकं रुतली तेव्हा गाडी थांबली. मधला दाबावा लागलाच नाही. लोक सभेकडे पळाले. समोर समुद्र. वारा असा सुटला होता की नानांची टोपी गेली ती गेलीच. वहिनींनी पदर सैल सोडला, डोळे मिटले आणि मान मागे टाकली. कानांतल्या कुड्या हलत होत्या.

"तोच वारो," त्या म्हणाल्या.

तो कोणता वारा, हे त्या हजारो माणसांत त्यांच्याखेरीज फक्त नानांना आणि मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने वहिनींनी डोळे उघडले. "पुरे झालो. चला आता घराकडे. डाळ भिजत घातलंय."

पुढच्या आठवड्यात भाच्याने गाडी चाळीत आणून सोडली, नळ आणि तुळस यांच्यामधून वळवून. ती तिथून पुन्हा कधी हलली नाही. नाना गाडी शिकायला एकदाच गेले आणि शिकवणाऱ्यावर फुली मारून परत आले. पण रोजचा वापर? अहो, मुंबईत एवढी रोज वापरली गेलेली स्पोर्ट्स गाडी दाखवा मला! सकाळी बॉनेटवर पापड, दुपारी मागच्या खणात चाळीची लोणच्याची बरणी, गणपतीत तिच्यावरच मखर. महिन्यातून एकदा चिंचपोकळीचा मिस्त्री येऊन इंजिन सुरू करायचा. पाच मिनिटं ती गुरगुरायची आणि अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून ऐकायची. कॉम्रेड गावड्यांनीसुद्धा कबूल केलं की रंग बरोबर आहे. आणि रोज संध्याकाळी, भोंगा झाल्यावर, नाना चाकामागे आणि वहिनी शेजारी. त्या तांदूळ निवडायच्या, नाना वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, त्या संध्याकाळीही ते दोघं तिथेच बसले होते. गाडीला झेंडूची माळ होती.

नंतर मी गोरेगावला राहायला गेलो. बऱ्याच वर्षांनी एकदा लालबागला जाणं झालं. अंगणात गाडी होती. लाल रंग म्हणावा असा उरला नव्हता, आणि जिथे गंज चढला, चामडं फाटलं, काच तडकली तिथे तिथे निळी फुली. दिव्यांवर, दारांवर, चाकांवर, हातात धरायच्या चाकावरसुद्धा. नाना चाकामागे बसले होते. खूपच वाळले होते. शेजारची जागा रिकामी होती. वहिनी गेल्याचं मला पत्राने कळलं होतं.

"ये बाबू," ते म्हणाले. मी वळसा घालून डावं दार उघडलं.

"तिथे नको रे," नाना म्हणाले. "इकडे ये, इथे टेक." आणि स्वतःच्या जागेवर सरकून त्यांनी मला अर्धी जागा करून दिली. सदऱ्याचा खिसा अजून खडूने निळाच होता.

दार लावताना मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. अख्ख्या गाडीत बोट ठेवायला जागा नव्हती इतक्या फुल्या. तिथे एकही नव्हती. नानांचंच ऐकून वाढलेला मी. खोट डोळ्यात असेल म्हणून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

नव्हती.